साधनाची शिस्त आणि साधनाचा जाच

विद्येची वाट खडतर असते, हे वचन आपल्या समाजात इतके रूढ झाले आहे की, त्याची उलटतपासणी करण्याचे आपण सोडूनच दिले आहे. मुलगा अभ्यासास कंटाळला की घरातील वडील माणसे त्यास कष्टांचे माहात्म्य सांगतात, आणि तोही मान खाली घालून ते ऐकून घेतो. परंतु सर्वच कष्ट सारख्या योग्यतेचे असतात काय? डोंगर चढताना पाय दुखतात, आणि वहाणेत खडा शिरला म्हणजेही पाय दुखतात. दुखणे दोन्हीकडे सारखेच. पण पहिल्याच्या अखेरीस मनुष्य माथ्यावर पोहोचतो, आणि दुसऱ्याच्या अखेरीस केवळ लंगडा होतो. ज्यास हा भेद कळत नाही तो खड्यासच डोंगर समजून त्याची पूजा करू लागतो, किंवा पायथ्यापासूनच परत फिरतो. ह्या दोहोंपैकी कोणताही प्रकार इष्ट नव्हे.

ह्या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका अगदी अर्वाचीन विद्येच्या अनुषंगाने करणार आहोत. ती विद्या म्हणजे संगणकावर सर्किट बोर्ड आखण्याची. विषय यंत्रशाळेतला आहे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. कारण त्यातून निघणारा प्रश्न यंत्राचा नसून मनुष्याचा आहे.

रेडिओ, दूरचित्रवाणी संच, विजेचा मीटर, मोबाइल फोन ह्यांपैकी काहीही उघडून पाहिले तर आत एक बहुधा हिरव्या रंगाची पाटी दिसते. तिलाच पीसीबी, म्हणजे छापील सर्किटाची पाटी, म्हणतात. काचेचे तंतू व रेझिन ह्यांच्या साधारण १.६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर सुमारे ३५ मायक्रॉनचा तांब्याचा थर दिलेला असतो. त्यांतील नको तेवढे तांबे रसायनाने खाऊन टाकले, की ज्या रेषा उरतात त्याच तारांचे काम करतात. त्यापूर्वी प्रत्येक तार हाताने डाग देऊन जोडावी लागे. व्हिएन्ना येथे जन्मलेले पॉल आयस्लर हे अभियंते १९३६ साली लंडनला गेले. तेथे त्यांनी असल्या छापील सर्किटाचा रेडिओ तयार केला आणि १९४३ साली पेटंटसाठी अर्ज केला. पुढे कित्येक वर्षे ह्या रेषा मोठ्या पारदर्शक फिल्मवर काळ्या चिकटपट्टीने हातांनी आखीत असत. आता ते काम संगणकातील सॉफ्टवेअर करते. म्हणजे, खरे सांगावयाचे तर, मनुष्यच करतो, पण सॉफ्टवेअरच्या मर्जीने करतो. आमच्या विषयाचा आरंभ नेमका ह्या मर्जीपाशी होतो.

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याचे दोन तालुके. विजेशी त्यांचा संबंध आजचा नव्हे. लोणावळ्याच्या बाजूस धरणे बांधून, अडविलेले पाणी पाचशे मीटरांहून अधिक खाली उतरवून, टाटांनी १९१५ साली खोपोलीस वीजघर सुरू केले. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे सुरू झाले. मुंबईच्या गिरण्यांची चाके ह्या पाण्याच्या बळावर फिरू लागली. म्हणजे ज्या काळी पुष्कळ महाराष्ट्र समईच्या उजेडात बसला होता, त्या काळी ह्या दोन तालुक्यांच्या डोंगरउतारावर वीज उत्पन्न होत होती. आज त्याच उताराखाली अभियांत्रिकी शिकविणारी महाविद्यालये आहेत, आणि आसपासच्या गावांतील मुले तेथे विजेचीच अधिक सूक्ष्म रूपे शिकावयास येतात.

अशा एका विद्यार्थ्याचे चित्र वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. तो कोणी एक विशिष्ट मुलगा नव्हे; त्याच्यासारखे पुष्कळ आहेत. त्याचे गाव खोपोलीच्या फाट्यावर, केळवली किंवा डोलवली ह्या स्थानकाजवळ आहे. शाळा मराठीतून झाली. त्याच्या घराण्यात अभियांत्रिकीचे पुस्तक उघडणारा तोच पहिला. त्यास पाण्याची टाकी भरताच पंप आपोआप बंद करणारे एक लहानसे यंत्र करावयाचे आहे. एक ट्रान्झिस्टर, एक रिले, चारदोन रेझिस्टर, एवढाच त्याचा संसार. ब्रेडबोर्डावर तारा खोचून त्याने ते चालवूनही पाहिले आहे. म्हणजे विजेचे तत्त्व त्यास समजले आहे, ह्याविषयी शंका नाही. आता तेच सर्किट पाटीवर उतरवावे म्हणून तो ‘किकॅड’ हे सॉफ्टवेअर उघडतो.

येथून पुढे त्याची जी ससेहोलपट होते ती थोडक्यात सांगतो. प्रथम सर्किटाची आकृती काढावी लागते. तो एका चिन्हापासून दुसऱ्या चिन्हापर्यंत रेघ ओढतो. डोळ्यांस ती रेघ टेकलेली दिसते, पण तपासणीचा हुकूम देताच सॉफ्टवेअर म्हणते की जोड झालेलाच नाही. कारण काय, तर चिन्ह ठेवताना पडद्यावरील ठिपक्यांच्या जाळीपासून ते केसभर सरकले होते. ते दुरुस्त करावे तो दुसरी तक्रार येते, की विजेची आवक असणाऱ्या अमुक पिनेस कोठूनही वीज मिळत नाही. मुलगा थक्क होतो. बाहेरून वीज आणणारा जोड तर त्याने स्वतःच्या हाताने काढलेला आहे! उपाय असा की, त्या तारेवर ‘पॉवर फ्लॅग’ नावाची एक निशाणी चिकटवावयाची. ह्या निशाणीचा बाजारात कोठेही भाग मिळत नाही, पाटीवर तिचे तांबे उमटत नाही. ती केवळ सॉफ्टवेअरची समजूत घालण्यापुरती असते. एवढे झाल्यावर प्रत्येक चिन्हास ‘फूटप्रिंट’, म्हणजे त्या भागाच्या पायांचा पाटीवरील ठसा, नेमून द्यावा लागतो. आणि तो निवडण्यासाठी उघडलेल्या यादीत हजारो सांकेतिक नावे असतात. अखेरीस तो पाटीवर येतो, तेव्हा बारीक रेषांचे एक जाळे त्याच्यापुढे पसरते, आणि शेवटची एक रेघ, काही केले तरी, दुसरीस ओलांडल्यावाचून पलीकडे जात नाही. मध्यरात्र होते. सकाळची गाडी चुकविता येत नाही. कारण खोपोलीच्या एकेरी फाट्यावर गाड्या मोजक्याच. संगणक मिटताना त्याच्या मनात जे वाक्य उमटते तेच आमच्या ह्या लेखाचे कारण आहे. तो म्हणतो, “हे आपल्याला जमण्यातले नाही.”

ह्या वाक्यावर समाजाकडून दोन ठरावीक उत्तरे मिळतात. पहिले उत्तर जुन्या वळणाच्या शिक्षकाचे: कष्टांवाचून विद्या नाही, आज जो कंटाळला तो उद्या काय करणार? दुसरे उत्तर नव्या वळणाच्या टीकाकाराचे: साधन जर शिकणाऱ्यास छळत असेल तर दोष साधनाचा, चांगले साधन ते, की जे हाती घेताच वापरता येते. दोन्ही उत्तरे ऐकावयास सोपी आहेत, आणि दोन्ही अर्धवट आहेत. पहिल्यात खड्यास डोंगराची प्रतिष्ठा मिळते, दुसऱ्यात डोंगरालाच खडा म्हटले जाते.

आमच्या मते, त्या मुलास ज्या अडचणी आल्या त्यांचे कूळ एक नव्हते. ट्रान्झिस्टराचेच उदाहरण घ्या. बीसी ५४७ आणि टूएन ३९०४ हे दोन ट्रान्झिस्टर दिसावयास अगदी एकसारखे. तीच काळी अर्धगोल टोपी, तेच तीन पाय. पण सपाट बाजू आपल्याकडे करून धरले असता पहिल्याचे पाय कलेक्टर, बेस, एमिटर ह्या क्रमाने येतात, तर दुसऱ्याचे नेमके उलट. आकृतीत एक धरला आणि पाटीवर दुसऱ्याचा ठसा पडला, तर पाटी सुबक होईल, पण यंत्र काम देणार नाही. ही अडचण कोणत्याही सॉफ्टवेअरने निर्माण केलेली नाही. ती वस्तूच्या ठिकाणी आहे, आणि तिच्याशी झगडणे म्हणजेच ती विद्या शिकणे होय. उलटपक्षी, रेघ टेकलेली दिसूनही ती जोडलेली नाही, ही अडचण विजेची नव्हे. प्रत्यक्ष तार तारेस टेकली तर वीज ठिपक्यांची जाळी पाहत बसत नाही. ही अडचण सर्वस्वी साधनाची.

येथवर भेद सोपा आहे. परंतु सर्वच अडचणी अशा स्पष्टपणे आपले कूळ सांगत नाहीत. चिन्ह निराळे आणि ठसा निराळा, हा व्याप नवशिक्यास निव्वळ छळ वाटतो. रेझिस्टर म्हटला की त्याचे चिन्ह आणि त्याचे शरीर एकदमच का येऊ नये? पण किंचित विचार करावा. रेझिस्टराचे चिन्ह एकच असले तरी त्याची शरीरे अनेक: कोणाचे पाय तारेसारखे लांब, कोणाचे शरीर ३.२ मिलिमीटर लांब व १.६ मिलिमीटर रुंद, कोणाचे त्याहूनही लहान. सर्किट हा विचार आहे आणि पाटी हा देह आहे. एका विचारास कोणता देह द्यावयाचा हे ठरविणे, हीच तर बोर्ड आखणाऱ्याची विद्या. म्हणजे जो छळ वाटला तो धडा निघाला. पॉवर फ्लॅगची निशाणी ह्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभी आहे. तिच्या मागे एक खरी गोष्ट आहे, की जोडाच्या पलीकडे बॅटरी आहे की काहीच नाही, हे आकृतीस आपण होऊन कळू शकत नाही, ते मनुष्यानेच सांगितले पाहिजे. परंतु ही साधी गोष्ट ज्या भाषेत मुलास सांगितली जाते ती भाषा अशी आहे की, त्यास आपण काही भयंकर चूक केली असे वाटावे.

शिवाय, ना वस्तूची ना साधनाची, तर इतिहासाची, अशी एक तिसरी अडचण असते. भागांची मापे काही ठिकाणी इंचांत आणि काही ठिकाणी मिलिमीटरांत मोजण्याची वहिवाट पडल्यामुळे ‘०६०३’ ह्या एकाच आकड्याने इंचांच्या पद्धतीत १.६ बाय ०.८ मिलिमीटरचा भाग कळतो, आणि मेट्रिक पद्धतीत ०.६ बाय ०.३ मिलिमीटरचा. असल्या गोंधळात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. पण त्यात सापडलेल्या मुलाचे दोन दिवस मात्र जातात.

आता ह्यातील नैतिक प्रश्न कोणता? अडचणींत वेळ जातो, हे दुःख मोठे नव्हे. तरुणपणी वेळ पुष्कळ असतो. खरे नुकसान निराळेच आहे. नवशिक्यास अडचणींची कुळे ओळखता येत नाहीत. आणि ज्यास ती ओळखता येत नाहीत तो त्या सर्वांचे मूळ एकाच ठिकाणी शोधतो, ते म्हणजे स्वतःच्या बुद्धीत. ठिपक्यांच्या जाळीचा दोष तो आपल्या डोक्याच्या नावे मांडतो. इंग्रजी सूचनेचा दुर्बोधपणा तो आपल्या मराठी शाळेच्या नावे मांडतो. ज्याचे वडील किंवा चुलते अभियंते आहेत, त्या मुलास जेवताजेवता कोणीतरी हसून सांगते, “अरे, ते सॉफ्टवेअर तसेच आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.” एवढ्या एका वाक्याने त्याच्या मनावरचे ओझे उतरते. डोलवलीच्या मुलास हे वाक्य सांगणारे घरात कोणी नसते. म्हणजे साधनाचा जाच सर्वांस सारखा होत असला तरी त्याचा अर्थ सर्वांस सारखा लागत नाही. एक त्यास गैरसोय समजतो, दुसरा त्यास निकाल समजतो. हा अन्याय कोणी हेतुपुरस्सर करीत नाही, म्हणूनच तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

ह्यावर कोणी अनुभवी गृहस्थ म्हणतील, “आम्हीही ह्यातूनच गेलो. आमच्या वेळी तर ह्याहून अवघड होते. सोसले म्हणून शिकलो.” ह्या म्हणण्याचा आम्ही अनादर करीत नाही, पण त्यात एक तर्कदोष आहे. जे सोसून शिकले तेच बोलावयास उरले आहेत. जे सोसता न आल्यामुळे परत गेले त्यांची साक्ष कोण काढणार? शिवाय, सोसले म्हणून शिकलो की सोसूनही शिकलो, हे ज्याचे त्याने एकांतात ठरविण्यासारखे आहे.

ह्या मुद्द्याचे एक भव्य उदाहरण कर्जतकरांच्या अगदी दाराशी आहे. बोरघाटातून जाणारा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. खंडाळ्याजवळ डोंगराच्या कड्यावर गाडीस वळण घेण्यास जागा नव्हती. म्हणून तेथे गाडी थांबवीत, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकास लावीत, आणि मग उलट दिशेस तोंड करून उरलेली चढण सुरू होई. दोन पिढ्यांनी हा खोळंबा घाटाचा स्वभाव म्हणून स्वीकारला. पुढे १९२९ च्या सुमारास नवे बोगदे खोदून मार्ग बदलला, आणि ते माघारी फिरण्याचे स्थानक निरुपयोगी झाले. डोंगर होता तेथेच राहिला, चढही राहिला; गेला तो फक्त खोळंबा. १८६३ साली तो खोळंबा डोंगराचा होता की मार्गाचा? त्या काळच्या साधनांनी पाहता डोंगराचाच म्हणावा लागेल. पुढच्या साधनांनी पाहता तो मार्गाचा ठरला. किकॅडमध्येही असे एक स्थानक होते. आकृतीतून पाटीकडे जाताना जोडांची यादी एका निराळ्या फाइलीत काढावी लागे आणि मग ती पुन्हा पाटीत घ्यावी लागे. प्रत्येक दुरुस्तीगणिक हा फेरा चुकत नसे. २०१८ च्या पाचव्या आवृत्तीपासून ते काम एका हुकुमात होऊ लागले. त्यामुळे विद्या सवंग झाली असे कोणी म्हटल्याचे आम्ही ऐकलेले नाही. तात्पर्य, वस्तूची अडचण आणि साधनाची अडचण ह्यांमधील सीमा कायमची आखलेली नसते. ती मनुष्याच्या प्रयत्नाने सरकते. तेव्हा ‘हे असेच असते’ ह्या वाक्याचा उच्चार शिक्षकाने फार जपून करावा.

परंतु सीमा सरकविण्याच्या उत्साहात उलट बाजूचा प्रमाद होण्याचा संभव आहे, तोही सांगितला पाहिजे. काही सॉफ्टवेअरांत तांब्याच्या रेषा आपोआप आखून देण्याची सोय असते. एक हुकूम द्यावा, आणि जाळे क्षणार्धात सुटावे! पण ज्या मुलाने ती शेवटची रेघ स्वतः झगडून कधी बसविली नाही, त्यास रिलेची जाड, जास्त प्रवाहाची वाट पाण्याची पातळी ओळखणाऱ्या नाजूक तारेपासून दूर का ठेवावी, हे कळण्याचा प्रसंगच येत नाही. यंत्राने त्याचे कष्ट वाचविले असे दिसते. वस्तुतः त्याच्या शिकण्याचा घासच काढून घेतला. खडा काढताना डोंगरच काढून टाकला तर माथ्यावर पोहोचण्याचा प्रश्न उरत नाही, आणि माथाही उरत नाही. अनुभवी माणसाच्या हातात तीच सोय सोय ठरते, कारण आपण काय सोडून दिले हे त्यास ठाऊक असते.

मग मदत कोणत्या प्रकारची असावी? पुन्हा कर्जत स्थानकाकडेच पाहावे. कर्जतच्या पुढे घाटात ३७ फुटांस १ फूट असा चढ आहे. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांस येथे मागून जादा इंजिने लावतात. गाडी तेवढा वेळ थांबते, उतारू बटाटेवडे खातात, आणि मागून रेटा मिळताच गाडी चढू लागते. त्या गाडीस कोणी दुबळी म्हणत नाही; सर्वांस ठाऊक असते की चढच तसा आहे. मागच्या इंजिनाने गाडीऐवजी स्वतःच पुण्यास जावे, असेही कोणी म्हणत नाही. शिक्षकाचे साहाय्य ह्या जातीचे असावे. मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्यूटोरियल’ ह्या उपक्रमाची रीत आम्हांस ह्या दृष्टीने विचारात घेण्याजोगी वाटते. त्याने मराठीसह अनेक भारतीय भाषांत सॉफ्टवेअरचे पाठ तयार केले आहेत, आणि त्याच्या विषयांत किकॅडचाही समावेश आहे. ह्या पद्धतीत पडद्यावरील बटणे इंग्रजीच राहतात, कारण पुढे जगात तीच भेटणार. समजावणी मात्र मातृभाषेत होते, आणि विद्यार्थी पाठ थांबवून थांबवून ते काम स्वतःच्या हाताने करीत जातो. चढ तसाच ठेवला आहे. रेटा मात्र दिला आहे.

साधन घडविणाऱ्यांचे कर्तव्यही ह्याच ओघात येते. शिकणारा मनुष्य साधनास पैसेच देतो असे नाही. तो आपल्या हाताच्या सवयी देतो, आणि त्या पैशांहून मोलाच्या असतात. ‘ईगल’ हे ह्या कामाचे सॉफ्टवेअर १९८८ साली जर्मनीत निघाले. त्याची एक चमत्कारिक रीत होती: आधी ‘हलव’ असा हुकूम द्यावयाचा, आणि मग काय हलवावयाचे ते दाखवावयाचे. मराठी वाक्यात कर्म आधी आणि क्रियापद शेवटी येते. ईगलचे व्याकरण नेमके उलट. तरीही जगभरच्या हजारो हातांनी ते व्याकरण आत्मसात केले. २०१६ साली ऑटोडेस्कने ते विकत घेतले, आणि ७ जून २०२६ नंतर त्याची विक्री व साहाय्य बंद होईल, असे २०२३ साली जाहीर केले. त्यातील कामांची सोय त्याच कंपनीच्या ‘फ्यूजन’मध्ये केलेली आहे, जुन्या आकृत्या किकॅडमध्येही उघडता येतात, तेव्हा कोणाचे काम बुडाले असे म्हणता येणार नाही. पण आकृती उचलून नेता येते, हाताची सवय नेता येत नाही. ज्याने दहा वर्षे ते उलटे व्याकरण जिभेवर घोळविले, त्याने पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करावयाचा.

किकॅडची कथा ह्याहून निराळी आहे. ग्रेनोबल येथील अध्यापक जाँ-पिएर शारास ह्यांनी १९९२ साली ते लिहिण्यास आरंभ केला. २०१३ पासून सर्न ह्या युरोपीय संशोधनसंस्थेनेही त्यास हातभार लावला. ते कोणाही एकाच्या मालकीचे नसून, वाटेल त्याने घ्यावे, वापरावे, सुधारावे, अशा अटीवर दिलेले आहे. त्यात जाच नाही असे नव्हे. आमच्या विद्यार्थ्याची ससेहोलपट तेथेच झाली. परंतु तेथील जाच दूर करण्याचा अधिकार सर्वांस आहे, हा फरक लहान नव्हे. गावच्या पाणवठ्याची पायरी मोडकी असली तर ती बसविण्यास गावकरी हात लावू शकतात. सावकाराच्या विहिरीची पायरी तशीच राहते, आणि विहिरीस कुलूपही लागू शकते.

शेवटी शिकणाऱ्याचे कर्तव्य. बोरघाटाची वाट इंग्रज अभियंत्यांस शिंगरोबा नावाच्या एका धनगराने दाखविली, अशी त्या भागात आख्यायिका आहे. खोपोलीहून घाट चढताना त्याचे देऊळही लागते. आख्यायिकेचे ऐतिहासिक मोल काहीही असो, तिच्यातील शहाणपण खरे आहे: वाट कोठे अडते हे नकाशा काढणाऱ्यापेक्षा जो चालतो त्यास आधी कळते. अनुभवी मनुष्य साधनाच्या खाचखळग्यांस इतका सरावलेला असतो की ते त्यास दिसेनासे होतात. ते फक्त नवशिक्यास दिसतात, आणि तेही थोडे दिवस. म्हणून नवशिक्याची तक्रार ही कटकट नसून एक प्रकारची मोजणी आहे. तिने लाजू नये, ती नीट लिहून ठेवावी आणि ज्यांस सुधारणा करता येते त्यांच्याकडे पाठवावी. मात्र तक्रार लिहिण्यापूर्वी तिचे कूळ तपासण्याचे श्रम त्याने घेतले पाहिजेत. त्यासाठी एक साधी कसोटी आम्ही सुचवितो. अडचण आली की संगणक बाजूस सारून तेच काम कागद-पेन्सिलीने करून पाहावे. कागदावरही ती अडचण उरली, तर ती वस्तूची आहे असे धरून तिच्यापुढे नम्र व्हावे. ट्रान्झिस्टराचे पाय कागदावरही उलटेच राहतील, आणि न ओलांडणारी रेघ तेथेही अडेल. कागदावर ती नाहीशी झाली, तर ती बहुधा साधनाची. तिच्यासाठी उपाय शोधावा, पण स्वतःस दोष देऊ नये. ही कसोटी सर्वच ठिकाणी अचूक लागू पडेल असा आमचा दावा नाही. तथापि ‘हे आपल्याला जमण्यातले नाही’ ह्या निकालापेक्षा ती पुष्कळ न्यायाची आहे.

आणि ही कसोटी केवळ अभियंत्यांनीच लावावी असे नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी रात्री उशिरापर्यंत पडद्यापुढे बसून चडफडणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. आईवडिलांस तो विषय कळत नसेल. न कळला तरी चालेल. त्यांनी कष्टांचे माहात्म्य सांगू नये आणि ‘सोडून दे’ असेही म्हणू नये. शेजारी बसून एवढेच विचारावे, “ही अडचण विजेची आहे, की ह्या सॉफ्टवेअरची?” उत्तर देण्यासाठी मुलास दोन्ही निरनिराळी करून पाहावी लागतील, आणि ती निरनिराळी करू लागला म्हणजे तो शिकू लागला असे समजावे.